मियोसेच्या वळणावरचा खोकला

मियोसे नदीत पाहुण्यांना फिरवणारे नावाडी गात गात वल्ही मारतात. जपानच्या त्या डोंगराळ मुलखात ही गाणी ऐकायलाच लांबलांबून लोक येतात. पण किल्ल्याखालचं वळण आलं, की गाणं ओळीच्या मधेच तुटतं. वल्ही थांबतात आणि होडीतला सगळ्यांत वयस्कर नावाडी, कानसुके, एकदा मोठ्यानं खोकतो. एखादा भला पाहुणा खोकल्याची गोळी पुढे करतो. कानसुके ती घेऊन खिशात टाकतो आणि वरच्या दगडी जोत्याकडे बोट दाखवतो. किल्ल्याचं आता तेवढंच उरलं आहे. मग तो जी हकिकत सांगतो ती अशी.

दोन नद्या इथे मिळतात. वरच्या अंगाला खडक, खालच्या अंगाला खळाळ, आणि पलीकडे जायला एवढी एकच संथ जागा. हे वळण ज्याच्या हाती, त्याच्या हाती समुद्राकडे जाणारा सगळा तांदूळ. म्हणून कुरोसे घराण्यानं इथे किल्ला बांधला. पंचाईत एकच होती, धुक्याची. शरदात सकाळी असं धुकं उतरे, की बुरुजावरच्या पहारेकऱ्याला हातातला भाला दिसत नसे. त्यावर किल्ल्याचा धनी मुनेहारू यानं तोड काढली. धुकं असेतोवर एका नावाड्यानं नदीत फेऱ्या मारत अखंड गायचं. गाणं चालू, तोवर नदी निर्धास्त. गाणं थांबलं, की नगारा वाजणार आणि पाणदरवाजा बंद होणार.

हे काम तोकुजीकडे होतं. एका सकाळी, असं सांगतात, त्याला पडसं झालं होतं. गाता गाता खोकल्याची उबळ आली आणि सूर तुटला. लगेच नगारा दणाणला, दरवाजा आदळला, अर्धे कपडे घातलेले शिपाई धावत सुटले. नेमका त्या दिवशी शेजारच्या मुलखाचा सरदार ओगाता किल्ल्यात पाहुणा होता. चहा पिता पिता तो हसला.

"तुमचा किल्ला खोकल्याला भितो वाटतं," तो म्हणाला.

मुनेहारूला ते हसू फार झोंबलं. पाहुण्यावर हात उचलता येत नव्हता. नावाडी मात्र हाताशी होता. तोकुजीला धरून आणलं, तशी त्याची बायको ओशिनो दरवाज्याशी येऊन पाया पडली.

"सरकार, त्याला पडसं आहे हो. उद्यापासून मी गाते. त्याला सोडा."

"उद्यापासून तूच गा," मुनेहारू म्हणाला. "म्हणजे त्याची गरज उरली नाही."

तिच्यादेखत तोकुजीला पाणदरवाज्याच्या पायरीशी बुडवून मारलं.

दुसऱ्या सकाळी ओशिनो गायला उभी राहिली. गावानं तिला नको नको ते बोलून घेतलं. नवरा मारणाऱ्याचा भात हिला गोड लागतो, म्हणाले. तिनं ते गिळलं. आल्याचं पाणी पिऊन ती गळा जपायची, कुऱ्हाडीला धार लावून ठेवावी तसा. तिचा आवाज इतका स्वच्छ होता म्हणे, की मुनेहारूला त्याच्याशिवाय सकाळची साखरझोप लागेना. आपण कोणाच्या भरवशावर झोपतो, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

ओगाता मात्र ती सकाळ विसरला नव्हता. काही वर्षांनी धुक्यातून त्याचे तराफे आले. पुढच्या तराफ्यावरच्या शिपायानं ओशिनोच्या गळ्याला तलवार लावली. तिनं गाणं न थांबवता ती हातानं बाजूला सारली, होडी वळवली आणि पाणदरवाज्याची वाट दाखवली.

दरवाज्यावर तिच्याच गल्लीतला इसाकु पहाऱ्याला होता. रोज तिच्यासाठी खारवलेला मुळा आणायचा. त्याची किंकाळी तिनं ओळखली. सूर हलला, पण गाणं थांबलं नाही. कानसुके इथे तिची बाजू घेत नाही. सुडाला माणसं निवडता येत नाहीत, एवढंच म्हणतो.

किल्ला पेटला तेव्हा नोकराच्या कपड्यांत एक माणूस पायऱ्या उतरून तिच्या होडीत पडला.

"पलीकडे ने," तो पुटपुटला. "आणि गात राहा. तुझा आवाज चालू आहे तोवर त्यांना संशय येणार नाही."

ओशिनोनं तो आवाज ओळखला. गात गातच तिनं होडी मधल्या धारेला आणली, तिथे वल्हं खाली ठेवलं आणि ओळीच्या मधेच थांबली. मग एकदा खोकली.

"गा," मुनेहारू म्हणाला. "गा ना, बाई."

"खोकला आला, सरकार."

गाणं तुटलेलं ऐकून सगळे तराफे त्या शांततेकडे वळले. मुनेहारूनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं ते तेव्हाच, पहिल्यांदा. धुकं निवळल्यावर होडी उलटी सापडली आणि तो सापडला पाणदरवाज्याच्या पायरीशी, तोकुजीला बुडवलं होतं तिथेच. ओशिनो सापडली नाही. ती पोहून गेली असं काही म्हणतात, काही तसं म्हणत नाहीत.

आजही ते गाणं त्या ओळीपाशी तुटतं. पुढचे शब्द कोणीच म्हणत नाही, कारण त्या सकाळी ओशिनोनं ते म्हटलेच नाहीत. आणि होडीत कोणी कुरोसे आडनावाचा पाहुणा निघाला, तर कानसुके आजही एकदा नाही, दोनदा खोकतो. त्याच्या हातची गोळी तो घेत नाही.