खास तुमच्यासाठी

यंत्रमागांच्या एका गावात शकुंतला भांदिगरे नावाची बाई राहायची. नवरा बाबूराव मागावर कामाला. कापडाची मागणी घटली तसे त्याच्या कामाचे आठवड्यातले दोन दिवस कमी झाले, म्हणून शकुंतलेनं घरी टायपिंगचं काम धरलं. जुने मराठी कागद टाइप करायचे आणि नेटवरून पाठवायचे. काम चांगलं होतं, पण मोबाइलचं नेट भर दुपारीच संपायचं आणि उरलेलं काम तसंच पडून राहायचं. शेवटी काम देणाऱ्यांनी सुनावलं, "घरी कनेक्शन घ्या, नाहीतर आम्ही दुसरं माणूस बघतो."

त्या भागात कनेक्शन देणारा एकच, विलास पोवाळकर. एका कंपनीची एजन्सी त्याच्याकडे होती. दुकानावर हा मोठा फलक: महिना फक्त चारशे रुपये. ओढाताण करून एवढे तरी झेपतील, असं म्हणत शकुंतला दुकानात गेली.

"तो प्लॅन बंद झाला, वहिनी," विलास म्हणाला. "आता आठशेचा आहे. त्यात दीडशे चॅनेल येतात."

"आमच्या घरी टीव्हीच नाही."

"नसू दे. चॅनेल घ्यावेच लागतात."

"मग बाहेर तो फलक कशाला ठेवलाय?"

"माणूस दुकानात यायला पाहिजे ना, वहिनी!" असं म्हणून विलास हसला.

ते हसणं शकुंतलेच्या डोक्यात गेलं. नसलेल्या टीव्हीचे पैसे मागायचे आणि वर हसायचं? घरी येऊन तिनं थेट कंपनीला फोन लावला. चारशेचा प्लॅन चालूच होता. पलीकडच्या मुलीनं दरांचा कागदही मोबाइलवर पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी शकुंतलेनं तो विलाससमोर धरला.

विलासचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्यानं तिला आतल्या खोलीत नेलं, पंखा लावला, खुर्ची दिली. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला देतो की! पण हे खास तुमच्यासाठी हं. गल्लीत कुठं बोलायचं नाही."

शकुंतलेला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. तिनं मान हलवली. दुसऱ्याच दिवशी घरात वायर आली, वायफायचा डबा भिंतीवर लागला आणि काम सुरळीत सुरू झालं.

त्याच गल्लीत हौसाक्का मगदूम एकट्याच राहायच्या. मुलगा फौजेत, लांब सीमेवर. फोनवर त्याचं तोंड दिसावं म्हणून त्यांनीही विलासकडूनच कनेक्शन घेतलं होतं. एकदा नळावर त्यांनी विचारलं, "शकू, तुझं महिन्याला किती येतं गं?"

"येतं की आक्का, सगळ्यांचं येतं तेवढंच," असं म्हणून शकुंतला घागर उचलून चटकन घरात गेली.

असे दोन महिने गेले. एका सकाळी ती हौसाक्कांना गरम थालीपीठ द्यायला गेली. त्यांनी बसवून घेतलं आणि कोरा चहा पुढे केला.

"दूध बंद केलंय बघ," हौसाक्का हसत म्हणाल्या. "त्या वायफायचं बिल निघायला पायजे. पोराचं तोंड दिसतंय, आणि काय पायजे मला?"

शकुंतलेनं भोवती नजर टाकली. त्या घरातही टीव्ही नव्हता. कप तिच्या तोंडापर्यंत गेलाच नाही.

"आक्का, माझं चारशेच येतं."

हौसाक्कांनी थालीपीठ बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मी इचारलं हुतं की गं तुला."

शकुंतलेनं कप खाली ठेवला. तिचे कान तापले. म्हातारीच्या तोंडचं दूध काढून तिला न दिसणारे चॅनेल विकणारा तो विलास! आणि आपण कोण? त्यानं गप्प बस म्हटलं नि आपण बसलो. आपण गप्प होतो, म्हणूनच त्याचं चाललं होतं.

ती हौसाक्कांचा हात धरून तडक दुकानात गेली. बिल भरायला दहा-बारा माणसं उभी होती. तिला पाहताच विलास उठला. "वहिनी, आत या ना, आत बसून बोलू."

"आत येऊन झालं एकदा. आता इथंच बोलायचं," शकुंतला म्हणाली आणि तिनं मोबाइल उघडून दरांचा कागद मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"मला तर हा प्लॅन बंद झाला म्हणून सांगितलं!" एक शिंपी ओरडला. "मलाही!" मागून आणखी कुणीतरी म्हणालं.

विलास तिच्याजवळ सरकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमचं कनेक्शन माझ्या हातात आहे, विसरू नका."

"काढा. पण आक्कांच्या घरात तुमचे दीडशे चॅनेल कुठल्या भिंतीवर दिसतात, ते आधी या सगळ्यांना सांगा!"

विलास तसाच आतल्या खोलीत निघून गेला. पण दुपार व्हायच्या आत त्यानं तिचं कनेक्शन तोडलं.

शकुंतलेनं कंपनीला तक्रार लिहिली. गल्लीतल्या तेरा घरांनी खाली सह्या केल्या. बाराव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्यानं दरांचा कागद दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावायला लावला, मागेल त्याला लहान प्लॅन दिला आणि शकुंतलेची वायर जोडून दिली. लोकांकडून उकळलेले जादा पैसे मात्र कुणालाच परत मिळाले नाहीत. एजन्सीही विलासकडेच राहिली. शकुंतलेचं काम तेवढ्या दिवसांत दुसऱ्या कुणाला गेलं होतं, नवं मिळायला दीड महिना लागला. हौसाक्का काही दिवस तिच्याशी तुटक वागल्या. मग एके दिवशी त्यांनीच दारातून हाक मारली, "शकू, पोराचा फोन आलाय, ये बोलायला."

बाबूराव एकदा बायकोला म्हणाला, "गप्प बसली असतीस, तर हातचं काम गेलं नसतं."

"अहो, दोन महिने बसलेच होते की गप्प," शकुंतला म्हणाली. "काम काय, दुसरं मिळालं. त्या दोन महिन्यांची लाज अजून जात नाही."

तात्पर्य एवढंच: गप्प राहण्याच्या अटीवर जो हक्क मिळतो तो हक्क नसतो, ती लाच असते, आणि तिचे पैसे आपला शेजारी भरत असतो.