भोंग्याची जुनी केबल

दुपारचे तीन. धरणाचं कार्यालय. संगणक नवे नवे आले तेव्हा इथला निरोप नदीकाठच्या भोंग्याला पोहोचवण्यासाठी पाइपातून एक पीळदार केबल टाकली होती. आज तिच्या शेजारी नवी निळी केबल वेटोळं घालून बसली होती.

"आजीबाई, उठा आता! तुमच्या चालीनं निरोप जाईपर्यंत पूर येऊन ओसरेल," निळी म्हणाली.

"भोंगा वाजवायला कितीसं बोलावं लागतं गं?" म्हातारी हसली. "जाते मी. पण रीत पाळा. माझ्या शेपटाला तुझं डोकं बांधायचं आणि मला तिकडून ओढायचं. मी बाहेर, तू आत. त्या पाइपात तुला नेणारं दुसरं कोणी नाही."

वायरमन झुंबरही तेच म्हणाला. पण चारला उद्घाटन होतं. "ओढाओढी नंतर. आधी जुनं दिसेनासं करा," असा वरून हुकूम आला. म्हातारीला छाटलं. ती सर्रकन पाइपात घसरली. निळीचं एक टोक संगणकाला जोडलं, फीत कापली, टाळ्या पडल्या.

"अगं, तुझं दुसरं टोक कुठंय?" अंधारातून म्हातारी ओरडत होती.

पाचला धरणाचे दरवाजे उघडले. पडद्यावर निरोप गेल्याची हिरवी खूण उमटली. खाली धुणं धुणाऱ्या बायका पाणी बघून कशाबशा वर पळाल्या. त्यांच्यातल्या शेवंताबाई मात्र सापडल्या नाहीत.

निळीचं दुसरं टोक अजून कार्यालयाच्या फरशीवरच आहे. तो हुकूम कुणाचा होता, हे धरणावर अजून कोणी सांगितलेलं नाही.