खांबावरची घोरपड आणि फळीवरची अळंबी

दलदलीवरचा लाकडी साकव मोडला आणि माझा थोरला भाऊ सुभाना चिखलात बुडून गेला. आदल्याच दिवशी त्याने देशमुखांना सांगितलं होतं, "फळ्यांवर अळंबी उगवलीय, धनी. लाकूड आतून कुजलंय." ते हसले होते.

आज गावासमोर देशमुख म्हणाले, "सुभानाच बेसावध चालला. साकवाच्या खांबावर आम्ही राखणीला घोरपड कोरलीय. तिची पकड सुटत नाही. तिच्यापुढं बोटाएवढ्या अळंबीचं काय कौतुक?"

मला रडू आवरेना. तसाच उठलो. "उरलेल्या अर्ध्या साकवावरही अळंबी आहे, धनी. घोरपडीच्या भरवशावर तेवढं चालून दाखवा. मग चूक माझ्या दादाची."

देशमुख साकवापर्यंत गेले. अळंबी पाहून त्यांनी उचललेला पाय मागे घेतला.

गावाला निवाडा कळला. दादा अजून चिखलातच होता.