इरावतीने दिलेली अक्षरे

एका राज्यात पाठशाळा पुष्कळ होत्या, पण पुस्तक वाचताना हसणारे मूल एकही नव्हते. राजा धुरंधरसेनाला घाई फार. सगळ्या मुलांनी न अडखळता वाचावे म्हणून त्याने करालक मांत्रिकाला बोलावले. मांत्रिकाने मंत्र टाकला, मुले घडाघडा वाचू लागली. मोबदल्यात त्याने वाचनातला आनंद डबीत कोंडून नेला. गोष्ट राक्षसाची असो की रानाची, मुले दगडी चेहऱ्याने वाचत आणि पुस्तक मिटत.

धाकट्यांना शिकवणारी इरावती हे पाहून आतून खचत चालली. तिने चित्रे दाखवली, राक्षसाचे आवाज काढले. मुले विचारत, "बाई, राजाच्या परीक्षेत यातलं काय येईल?"

शेवटी ती डोंगरावरच्या बोलक्या साळुंकीकडे गेली.

"शाप कसा सुटेल?"

"तीन कामे कर. विषारी तळ्याच्या तळाशी ती डबी आहे. तिच्यावरचा नाग निजव. डबी वर आण. तिसरे काम तिथेच कळेल."

इरावतीने बुडी मारली. पाण्याने तिचे केस पांढरे झाले. नागाला तिने आईने सांगितलेली गोष्ट ऐकवली. तो निजला, पण ती गोष्ट तिच्या आठवणीतून कायमची पुसली गेली. तिने डबी काठावर आणली, ती उघडेना.

तोच करालक पुढे उभा राहिला. "मुलांचा आनंद हवा, तर तुझा दे. यापुढे तुला एकही अक्षर ओळखू येणार नाही."

इरावती काठावर बसून रडली. पुस्तकांखेरीज तिला जगात दुसरे कोणी नव्हते. पण ते दगडी चेहरे डोळ्यांपुढून हलेनात.

"घे," ती म्हणाली.

डबी उघडली. आत काहीच दिसले नाही. सगळे वाया गेले असे समजून ती पाय ओढत पाठशाळेत परतली. फळ्यावर तिला नुसत्या रेघा दिसल्या.

कुमुद नावाची मुलगी पुस्तकात डोके खुपसून बसली होती. एकाएकी ती खुदकन हसली. मागून आणखी कोणी हसले.

"काय गं झालं? मला वाचून दाखव," इरावती म्हणाली.

"थांबा ना बाई," कुमुद मान वर न करता म्हणाली, "आधी मला पुढचं वाचू द्या."

राज्याचा शाप असा सुटला. इरावती तिच्याशेजारी बसली. पानावर काय लिहिले होते ते तिला कळत नव्हते. मुलीचा चेहरा तेवढा ती पाहत राहिली.