पाठमोरा सदरा

सोलापुरात जुन्या कपड्यांचा एक बोळ आहे. तिथे सदरा घेतला की तिथेच अंगावर चढवायचा आणि टोकापर्यंत मागे न बघता चालत जायचे. मागून कुणी हाक मारत नाही. गिऱ्हाईक छत्री विसरले तरी नाही. नवख्या माणसाला हसू येते. मग नागव्वा, तिथली सर्वांत म्हातारी दुकानदारीण, त्याला बाकड्यावर बसवते आणि सांगते.

फार जुनी गोष्ट, म्हणे. गिरण्या चालू होत्या. दिवसभर हवेत कापूस तरंगायचा आणि माणसे पांढऱ्या भुवयांनी घरी यायची. बसू नावाचा एक तरणा पोरगा होता. त्याचा थोरला भाऊ मल्लू गिरणीत सुताच्या गठड्या वाहायचा. तो तापाने चार दिवसांत गेला. त्याला नेले तेव्हा बसू रागाने माळावर पळून गेला होता. भावाला जाताना त्याने पाहिलेच नाही.

दिवसकार्य झाल्यावर आईने मल्लूचे कपडे बोहारणीला द्यायला काढले. चौकड्यांचा सदरा तेवढा बसूने बगलेत धरून ठेवला. त्याला अजून मल्लूअण्णाच्या घामाचा वास होता.

दारात गंगव्वा बोहारीण बसली. या घरात कुणी गेले आहे हे तिला ठाऊक नव्हते. तिने पातेले पुढे केले, मागे घेतले.

"एवढ्यात न्हाई जमत. वर एक कापड टाक."

तिची ही रोजचीच रीत. वरच्या कापडाशिवाय बोहारणीचा सौदा मिटत नाही. पण बसूचे डोके फिरले.

"भाव करतीस? घे, सगळंच घे!" म्हणत त्याने बगलेतला सदराही भिरकावला.

दुसऱ्या दिवशी जाग आली तशी त्याचा हात सदरा चाचपायला उशाशी गेला. तिथे काहीच नव्हते. तो पातेले उचलून गंगव्वा बसायची त्या बोळाकडे अनवाणी धावला.

"सदरा दे. हे घे तुझं पातेलं."

"गेला की रे. आत्ताच एका हमालानं नेला. असा बघतोस काय? कापडच हाय ते."

"माझ्या अण्णाचं हाय."

"मग अण्णाला सांग, दुसरं झकास देते."

"अण्णाला कुठं जाऊन सांगू?" बसू म्हणाला. तेव्हा गंगव्वाला कळले.

इतक्यात बोळाच्या मध्यावर, उडत्या कापसातून, चौकड्यांचा सदरा चाललेला बसूला दिसला. डावा खांदा किंचित खाली. मल्लू असाच चालायचा. हमालच तो, असाच चालणार, असे म्हणणारेही आहेत.

"अण्णा!" बसू धावला आणि त्याने मागून कॉलर धरली.

माणूस वळला. तोंडावर देवीचे व्रण. तो इरण्णा हमाल होता.

"का बे, चोर हाय का मी?"

गंगव्वा धापा टाकत आली. तिने सारे सांगितले. इरण्णा गुंड्या काढू लागला. "घे बाबा, तुझाच हाय."

बसूने त्याचे हात धरले. सदरा हातात आला असता तर ते नुसते कापड झाले असते.

"काढू नको," तो म्हणाला. "तू चाल पुढं. टोकापतोर. मागं तेवढं बघू नको."

इरण्णा चालू लागला. तो चालत होता तेवढा वेळ कापूस हवेतच थांबला होता, असे सांगतात. बसू बघत राहिला. पापणी लववली नाही त्याने. टोकाशी सदरा वळला, दिसेनासा झाला. मग बसू रस्त्यातच बसून रडला. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा.

गंगव्वाने तिथेच जमिनीला हात लावून शपथ घातली. "हितनं कापड नेणाऱ्याला कुणी मागनं हाक मारायची न्हाई. कुणीतरी बघत असंल."

आजही उन्हे उतरताना एखादी बाई, एखादा म्हातारा बोळाच्या तोंडाशी पायरीवर येऊन बसतो. आलेले माणूस काही घेत नाही, जाणाऱ्या पाठी बघत राहते. त्याला काय पाहिजे ते दुकानदार विचारत नाहीत. चहा तेवढा आणून ठेवतात. तो बहुधा गार होतो.