परतीचा प्रकाश

“पण बाई, चुंबक हवाच कशाला?”

शार्दूल मुळीकनं हे विचारलं नाही, सुनावलं. समोर हळबेबाई होत्या. लेसरच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या, आणि त्याच्या पीएचडीच्या मार्गदर्शक.

लेसरचं एक दुखणं आहे. त्यानं सोडलेला प्रकाश कुठंतरी आपटून परत त्याच्यातच शिरला, की तो बिथरतो. म्हणून त्याच्यापुढं असा अडसर ठेवतात, की प्रकाश जाईल, पण परत येणार नाही. हा अडसर नखाएवढ्या चिपवर बसवायचा, तर चुंबकी पदार्थाचा पातळ थर चढवावा लागतो. शार्दूलनं तो तेवीस वेळा चढवला आणि तेवीस वेळा त्याला तडे गेले. शेवटी सहा महिन्यांपूर्वी पठ्ठ्यानं चुंबकच काढून टाकला. चिपवर प्रकाशाची वाट नुसती वाकडीतिकडी आखली आणि म्हणाला, झाला अडसर!

संध्याकाळी पाचपर्यंत हा आराखडा चिपच्या कारखान्याला धाडायचा होता. तिथं वर्षातून एकदाच नंबर लागतो, आणि त्याची फेलोशिपही वर्षभराचीच उरली होती.

प्रयोगशाळेतच बनवलेली नमुन्याची चिप टेबलावर होती. बाईंनी विचारलं, मोजलंस का?

मोजलं होतं तर! पुढून सोडलेला प्रकाश जवळपास सगळा पार झाला. मागून सोडलेला हजारात एक भागही आला नाही. आलेख बाईंपुढं सरकवताना त्याची छाती फुगली होती.

“मागून कुठला प्रकाश सोडलास?”

“दुसऱ्या लेसरचा. अगदी स्वच्छ.”

बाई उठल्या. तो दुसरा लेसर त्यांनी बंद केला. चिपच्या पलीकडच्या तोंडाशी स्टँडवर एक छोटा आरसा बसवला आणि त्याचे दोन स्क्रू हळूहळू फिरवत राहिल्या.

मोजणीच्या पडद्यावर पहिल्या लेसरची रेघ सुईसारखी उभी होती. ती थरथरली... पसरली... आणि तिचा पार विचका झाला.

आरसा काढा, शार्दूल म्हणाला. खऱ्या यंत्रात असा आरसा कोण धरतंय?

“प्रत्येक जोड धरतो. तिथून थोडा प्रकाश परत फिरतोच.”

शार्दूलनं आपला आलेख पुन्हा ओढून घेतला. वाकड्या वाटेनं जाताना त्याचा प्रकाश रूप बदलत होता. त्याच बदललेल्या रूपात तो मागं फिरला, की तीच वाट त्याला बिनबोभाट लेसरपर्यंत पोचवत होती. अडत होता तो फक्त शार्दूलनं स्वतः निवडून सोडलेला, नीटनेटका प्रकाश. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

साडेचार वाजले. आराखडा धाडू नको, एवढंसुद्धा बाईंनी सांगितलं नाही.

त्यानंच कारखान्याला मेल केली, यंदा आमचा नंबर दुसऱ्याला द्या. मग कपाटातून तडे गेलेल्या थरांचा डबा काढला आणि झाकणावरची धूळ शर्टानंच पुसली. चोविसावा थर उद्या सकाळी चढवतो, तो फुटला तर पंचविसावा, असं त्यानं बाईंना सांगून टाकलं. डबा त्यानं घट्ट धरला होता.

बाईंनी मान हलवली.

तो दारापर्यंत गेला, आणि राहवेना म्हणून वळला.

“बाई, तुम्हाला माहीत होतं, तर सहा महिन्यांत एकदा तरी सांगायचंत.”

“चार वेळा सांगितलं,” बाई म्हणाल्या. “तेवढं मात्र तू पुरतं अडवलंस.”