टेकआळीची पाळी

एकदा एक पाणी सोडणारा होता. राजा नव्हे, व्यापारी नव्हे, ऋषी तर नव्हेच. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावच्या नगरपालिकेत तो नोकरीला होता. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी सायकलला बांधायची, आळीआळीच्या तोंडाशी जमिनीत बसवलेले व्हॉल्व्ह फिरवायचे आणि ठरल्या वेळी त्या त्या आळीला पाणी द्यायचे, हे त्याचे काम. आता तुम्ही म्हणाल, यात कसला आलाय बोध? जरा धीर धरा.

त्याचे नाव दौलत. नावाची दौलत सोडली तर त्याच्यापाशी एकच मोलाची गोष्ट होती. पंधरा वर्षांची कायम नोकरी. आणि तीच आता जाऊ घातली होती. वर्षभरात बावीस दिवस उशीर, नऊ दिवस विनापरवाना गैरहजेरी, असे एकतीस तारखांचे आरोपपत्र त्याच्या हाती पडले होते. त्याला निलंबित केले होते. बुधवारी अकरा वाजता खातेनिहाय चौकशी होती, आणि तिथे गुन्हा शाबीत झाला तर बडतर्फीची भीती होती.

अशा चौकशीत कर्मचाऱ्याला आपल्या बाजूने एखादा जुना, सेवानिवृत्त माणूस सोबत नेता येतो. दौलतला एकच माणूस आठवला. मंगळवारी दुपारी तो शिदूनानांच्या ओसरीवर जाऊन बसला. नाना वालाच्या शेंगा सोलत होते.

शिदूनाना म्हणजे त्याचे गुरू. शाळेतले नव्हेत, हातातल्या कामाचे. दौलत बाविशीचा असताना नानांच्या हाताखाली लागला. काय ते दिवस होते! पहाटे पाचला नाना गावच्या पाण्याच्या टाकीखाली, म्हणजे पाचच. चार पंचावन्नही नाही आणि पाच पाचही नाही. दौलत मात्र पावणेपाचलाच हजर, कारण नाना यायच्या आत चूल पेटवून आल्याचा चहा ठेवायचा मान त्याचा असे. टाकीखालच्या त्या तीन दगडांच्या चुलीवर केलेल्या चहाची चव त्याला पुढे कुठल्याही हॉटेलात सापडली नाही. चहा झाला की नाना चावी व्हॉल्व्हला लावायचे, तिच्या दांडीला कान टेकवायचे आणि म्हणायचे, "ऐक. आधी हवा बोलते, मग पाणी बोलतं. हवेला जाऊ दे बाबा. धसमुसळेपणा केलास तर नळ फोडशील." दौलत कान लावायचा. जमिनीच्या पोटात खोलवर कुणीतरी गुणगुणतेय असे वाटायचे. गाव अजून अंथरुणात असायचे आणि हे दोघे त्याच्या पायाखालचे पाणी ऐकत असायचे. त्या वेळी आपण फार मोठे काम करतो आहोत असे दौलतला वाटे, आणि खरे सांगायचे तर ते होतेच.

कामाचा एक नियम होता. टाकी भरलेली असते तेव्हाच पाण्याला जोर असतो, म्हणून चढावरच्या टेकआळीला पहिली पाळी. साडेपाच ते सव्वासहा. मग उतारावरची पेठ, मग बाकीचे गाव. टेकआळीचा चढ नाना स्वतः चढत. "टेकआळी माझी," ते म्हणत, "तू खालची पेठ बघ." अकरा वर्षे असेच चालले. मग शाल-श्रीफळ झाले, भाषणे झाली, नाना निवृत्त झाले, आणि सगळ्या चाव्या दौलतच्या हाती आल्या.

दुसऱ्या दिवशी दौलत पावणेपाचला गेला. चूल पेटवली, चहा केला आणि एकटाच प्याला. पंधरा दिवस केला, मग चूल पेटवणे सोडले. हळूहळू पाचचे सव्वापाच झाले, मग पावणेसहा. घरी कुणी आजारी नव्हते, व्यसन नव्हते. नुसता कंटाळा! भरल्या घरातले माणूस उठून जावे तसा तो पहाटेचा वेळ त्याला ओकाबोका वाटे, आणि मग अंथरूण सुटत नसे. बरे, उशीर झाला तरी पेठेची वेळ तो चुकू देत नसे, कारण पेठेतले दुकानदार लगेच नगरसेवकाला फोन करीत. टेकआळीला सहाला पाणी सोडायचे आणि सव्वासहाला बंद करून पेठेकडे पळायचे, अशी त्याने सोय काढली होती.

"वाचलं," आरोपपत्राची घडी घालत नाना म्हणाले. "खरं कारण काय?"

"कंबर," दौलत म्हणाला. "डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलंय. एकतीसच्या एकतीस दिवसांचं."

"दुखणारी कंबर कुणाची, तुझी का डॉक्टरची?"

दौलतने मान खाली घातली. मग एकदम उसळून म्हणाला, "नाना, तुम्हीच सांगा. हे सगळं त्या हजेरीच्या अंगठ्याच्या मशिनीनं केलंय. मशिनीला काय कळतंय? चार वर्षांत गावातल्या एका माणसाची तक्रार नाही माझ्याविरुद्ध. एकाची! हा माझा मुख्य मुद्दा. तुम्ही नुसतं सांगा, पोरगं कामाला चांगलं होतं म्हणून."

नानांनी हातातली शेंग सोलून दाणे बाजूला टाकले.

"येतो मी," ते म्हणाले. "पण उद्या पहाटे पाचला माझ्या दारात ये. आणि येताना घरातली एक रिकामी कळशी आण."

"कळशी? चौकशीला?"

"आण म्हटलं ना."

म्हातारपणाने नानांचे डोके फिरले की काय, असे दौलतला वाटले. कागदपत्रे लावायची, उलटतपासणीची उत्तरे घोकायची, आणि हे कळशी आणायला सांगतात! पण गुरूची आज्ञा मोडायची सवय नव्हती. बुधवारी पहाटे पाचला तो कळशी घेऊन उभा राहिला. कित्येक महिन्यांनी तो पाचच्या ठोक्याला हजर होता, आणि हे त्याच्याही ध्यानात आले.

नाना त्याला टेकआळीच्या चढावर घेऊन गेले. काठी टेकत, दम खात. आळीच्या वरच्या टोकाला एक सार्वजनिक नळ होता. गंमत पाहा, चार वर्षे दौलत आळीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह फिरवत होता, पण हा नळ त्याने पाहिलाच नव्हता. पाणी चढून इथवर पोचेपर्यंत तो व्हॉल्व्हपाशी सायकल लावून मोबाइल बघत असे, आणि पाळी संपली की खाली पेठेकडे. नळापाशी हंडे-कळशांची ओळ होती आणि दहाबारा बायका बसल्या होत्या.

"अगं बाई, नाना!" एकदम गलका झाला. "किती दिवसांनी पाय लागले! तुमच्या वेळचं पाणी राहिलं नाही हो आता."

"का गं, आता काय झालं?"

"टाकीच लहान पडते म्हणं गावाला. कधी येतं, कधी नुसतं तोंड दाखवून जातं."

दौलतने कळशी ओळीत ठेवली आणि मान वर केली नाही. त्याच्या पुढे सगुणाबाई नावाची पन्नाशीची बाई होती. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद होता.

"भाऊ, वाचता येतं का तुम्हाला?" तिने विचारले. "सुनेनं वाचून दाखवलं, पण तीच घाबरली. नीट कळलं नाही मला. सातला गेट बंद होतं आमचं. पाणी आल्याबिगर घर सोडता येत नाही, सून बाळंतीण आहे. पाणी उशिरा आलं की मला उशीर. साहेब म्हणतात कारणं सांगू नका."

दौलतने कागद उलगडला. कारखान्याच्या व्यवस्थापनाची नोटीस होती. 'खालील तारखांना आपण उशिरा अथवा गैरहजर होता. आपणास कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा शनिवारी समक्ष करावा.' खाली सहा तारखा होत्या.

त्या तारखा त्याला नव्याने वाचाव्या लागल्या नाहीत. गेला महिनाभर तो त्या घोकत होता. सहाच्या सहा त्याच्या आरोपपत्रात होत्या.

"काय लिहिलंय, भाऊ?"

"शनिवारी बोलावलंय," तो कसाबसा म्हणाला.

"मग तक्रार का नाही केलीस गं पाण्याची?" नानांनी विचारले.

"कुणाकडं करू, नाना? नगरपालिका उघडते दहाला. तवर आम्ही कामावर असतो." ती हसली. "आणि पाणी आलं की राग कुठं राहतोय? भरायचं आणि पळायचं."

तेवढ्यात नळ खाकरला. दौलतच्या जागी नेमलेल्या बदली माणसाने वेळेवर पाणी सोडले होते. दौलतची कळशी बघून सगुणाबाई म्हणाली, "तुम्ही भरा आधी, पाव्हणे आहात." हे मात्र त्याला सोसवेना. रिकामी कळशी उचलून तो चढ उतरू लागला.

खाली, व्हॉल्व्हपाशी, नानांनी त्याला गाठले. ते धापा टाकत होते.

"ऐक आता," नाना म्हणाले. "तू पावणेपाचला यायचास ना, ते माझ्यासाठी यायचास. शाबासकीसाठी, चहासाठी. त्यात वाईट काही नाही. मलाही ते गोड वाटायचं. पण माणूस माणसासाठी वेळ पाळतो तेव्हा समोरचा उठून गेला की वेळही उठून जाते. मला इथं वर येऊन कोण वाट बघतंय ते ठाऊक होतं. तुला मी पाणी ऐकायला शिकवलं, पण त्या बायकांपुढे कधी उभं केलं नाही. टेकआळी माझी, माझी करत राहिलो. ही चूक माझी, दौलत. तुझ्या आरोपपत्रात ती कुठं लिहिलेली नाही, म्हणून मी सांगतो."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. दौलतला वाटले, पुन्हा बावीस वर्षांचे व्हावे आणि नानांच्या मागोमाग हा चढ चढावा. पण तसे कुठे होते?

अकरा वाजता चौकशी सुरू झाली. चौकशी अधिकारी एक बाई होत्या, करड्या पण न्यायी. आरोप वाचून दाखवले गेले. "मान्य आहेत का?" त्यांनी विचारले.

"सगळे मान्य आहेत, मॅडम," दौलत म्हणाला. सर्टिफिकेट त्याने खिशातून काढले नाही.

"बचाव?"

"बचाव नाही. एक विनंती आहे. ह्यातल्या सहा तारखा मी सांगतो. त्या दिवशी टेकआळीला पाणी उशिरा गेलं, ते माझ्यामुळे गेलं. एवढं नगरपालिकेच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून द्या."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला कळतंय ना काय मागताय ते? आत्तापर्यंत हा नुसता हजेरीचा दोष आहे. असा कागद झाला तर सेवेत कसूर, लोकांचं नुकसान, हे तुमच्याच कबुलीनं शाबीत होईल. नोकरी जाऊ शकते." मग त्यांनी नानांकडे पाहिले. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही," नाना म्हणाले. "तो नीट बोलतोय."

"हा कागद हवाय कशाला पण?"

"एका बाईला कामावर उशीर झाला, मॅडम," दौलत म्हणाला. "तिला कारण विचारलंय, आणि तिचं कारण मी आहे. तिची सुनावणी शनिवारी आहे. माझा निकाल कधीही लावा. कागद तेवढा शुक्रवारपर्यंत मिळाला तर बरं होईल."

बाईंनी कारकुनाला जवळ बोलावले आणि स्वतःच मजकूर सांगायला सुरुवात केली.

पुढे काय झाले, हे विचारणारच तुम्ही. शनिवारी तो कागद दाखवल्यावर सगुणाबाईचे काम टिकले. दौलतला शिक्षा झाली, चांगली सडकून झाली. पण स्वतःहून दिलेल्या कबुलीमुळे बडतर्फी टळली. वाचकहो, आपणही रोज कुठल्या ना कुठल्या टेकआळीचे पाणी सोडत असतो. तो चढ एकदा चढून, तिथे कोण बसले आहे ते पाहून यावे.